फ्लॉपी बाहेर काढायची रीत

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली मुंबईच्या फोर्टातली ती जाहिरात कंपनी बंद झाली, तेव्हा साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, ऑफिसातलं जे कुणाला हवं असेल ते घेऊन जा. कुणी कपाट नेलं, कुणी फिरती खुर्ची. हिशेब बघणाऱ्या बाईंनी खिडक्यांचे पडदे काढून घडी घालून पिशवीत भरले. इंद्रजीत रोकडे तिथे दहा वर्षं आर्टवर्क करत होता. त्याने कोपऱ्यातला जुना मॅकिंटॉश मागितला.

साहेब म्हणाले, अरे, हा तर कधीचाच बाद झालाय. पण इंद्रजीत कॉम्प्युटर शिकला होता तो याच यंत्रावर. पडदा आणि यंत्र एकाच डब्यात, पडदा शाळेच्या पाटीएवढा, रंग दोनच, काळा आणि पांढरा. डब्याच्या वर हात घालून उचलायला एक खाच. सोबत एक लहानसा प्रिंटरही मिळाला. दोन्ही चादरीत गुंडाळून तो शहापूरला घरी घेऊन आला आणि स्वयंपाकघराच्या बाहेरच्या टेबलावर मांडून बसला. आता घरूनच पत्रिका, हँडबिलं, अहवाल अशी कामं करायची, असं त्याने ठरवलं होतं.

त्याची बायको मनाली शहापुरातच एसटी स्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिच्या क्लासात विंडोज होतं. शहापुरात तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे विंडोजच. दुसरं काही असतं, हे पुष्कळांना ठाऊकही नव्हतं. त्यामुळे नवऱ्याने आणलेला हा डबा बघायला तीही उत्सुक होती. माउसला एकच बटण बघून तिने तो उलटा करून पाहिला. खिडकी बंद करायची खूण उजवीकडे शोधली, तर ती डावीकडे निघाली. मग इंद्रजीतने एक फ्लॉपी आत घातली, तिच्यातलं एक जुनं काम दाखवलं आणि फ्लॉपी काढायची वेळ आली. मनालीने डब्याला बटण शोधलं. बटण नव्हतंच.

इंद्रजीतने पडद्यावरचं फ्लॉपीचं चित्र माउसने उचललं आणि कचऱ्याच्या डब्यावर नेऊ लागला. मनालीने त्याचं मनगट धरलं.

"अहो, पुसली जाईल सगळी."

"नाय जात. बघ तू."

त्याने चित्र कचऱ्यात सोडलं आणि फ्लॉपी घुर्र करून बाहेर आली, आतल्या मजकुरासकट धडधाकट. मनाली थोडा वेळ त्या फ्लॉपीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ठेवायची वस्तू कचऱ्यात टाकायची ही कुठली रीत? इंद्रजीत म्हणाला, मॅकिंटॉशची. दहा वर्षांत त्याला त्यात कधी काही वावगं दिसलं नव्हतं.

काम मिळायला मात्र वेळ लागला. शहापुरातल्या प्रेसवाल्यांकडे आपापली माणसं होती. शेवटी मुरबाडच्या हरेशने हात दिला. हरेशचं घराणं मुरबाडजवळच्या गावातलं, भातशेतीचं. त्याने मात्र बापाला पटवून मुरबाडच्या बाजारपेठेत प्रेस टाकला होता. शिशाचे खिळे जुळवायचे दिवस संपले होते, नवीन ऑफसेट मशीन आलं होतं, आणि चांगली अक्षरं मांडून देणारा माणूस त्याला हवाच होता. इंद्रजीतने केलेली पहिली लग्नपत्रिका बघूनच त्याने सांगितलं, यापुढे सगळी कामं तुझी.

अडचण एवढीच, की पत्रिका मांडायची शहापुरात आणि छापायची मुरबाडात. इंद्रजीत घरी ट्रेसिंग कागदावर प्रिंट काढायचा आणि किन्हवलीवरून जाणाऱ्या एसटीने मुरबाडला पोचवायचा. तिथे नवऱ्यामुलीचा बाप चष्मा लावून पत्रिका वाचायचा आणि म्हणायचा, आमच्या थोरल्या मावशीचं नाव धाकटीच्या खाली आलंय. मग परत शहापूर. नाव वर घेऊन परत मुरबाड. फ्लॉपी पाठवावी, तर हरेशच्या एका मित्राचं विंडोजचं मशीन प्रेसमध्ये होतं, त्यात ती चालेना. मशीनने पडद्यावर एक प्रश्न टाकला. हरेश 'हो' दाबणारच होता, पण त्याआधी त्याने नशिबाने इंद्रजीतला फोन केला. "हे विचारतंय, फ्लॉपी कोरी करून देऊ का. करू?" इंद्रजीतने त्याला फ्लॉपी काढून खिशात ठेवायला सांगितलं.

मग एके दिवशी इंद्रजीतने वैतागून मॅकिंटॉशच उचलला. खाचेत हात घातला, प्रिंटर पिशवीत टाकला आणि सकाळच्या एसटीत जाऊन बसला. मॅकिंटॉश मांडीवर, पडदा समोरच्या बाजूला. कंडक्टरने विचारलं, टीव्ही आहे का. इंद्रजीत म्हणाला, टीव्ही नाही, मॅकिंटॉश. कंडक्टरने आपल्या दराच्या कागदावर तसलं काही सापडतंय का ते पाहिलं, नाही सापडलं, आणि टीव्हीचंच सामानाचं तिकीट फाडलं. किन्हवलीला बस भरली. मागून एकाने विचारलं, मॅच लागते का यावर. दुसरा म्हणाला, अरे बंद आहे तो, दुरुस्तीला चाललाय. खड्डा आला की इंद्रजीत दोन्ही हातांनी डब्याला पोटाशी धरायचा.

पण काम फत्ते झालं. मुलीच्या बापाने प्रेसमध्येच बसून दुरुस्त्या सांगितल्या, इंद्रजीतने तिथल्या तिथे केल्या. तेव्हापासून तो जवळजवळ प्रत्येक आठवड्याला डबा मांडीवर घेऊन जाऊ लागला. त्या मार्गावरचे कंडक्टर त्याला ओळखू लागले. एक जण तर पुढची सीट राखून ठेवायचा, कारण मागे दणके फार बसतात.

वर्षभर असं चाललं. मग हरेशने प्रेससाठी स्वतःचा नवा कोरा कॉम्प्युटर घेतला, अर्थातच विंडोजचा. रंगीत पडदा, दोन बटणांचा माउस, मोठा लेझर प्रिंटर. त्याने इंद्रजीतला चहा पाजला आणि सांगितलं, की माझ्याकडे येऊन बस, पण आता याच्यावर. दोन-दोन प्रकार सांभाळणं मला जमायचं नाही. इंद्रजीत म्हणाला, बघू. घरी येऊन त्याने मनालीला सांगितलं, की दहा वर्षं ज्याचं खाल्लं त्याला असं सोडून जाणार नाही. मनालीने भाजी ढवळता ढवळता विचारलं, हे नक्की कुणाबद्दल चाललंय. तो म्हणाला, मॅकिंटॉशबद्दल. तिने भाजीवर झाकण ठेवलं.

त्याला वळवलं ते वैशाखऱ्याने. मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं वैशाखरे हे इंद्रजीतचं मूळ गाव. तिथल्या बौद्धवाडीत नवं विहार बांधून झालं होतं आणि पावसाच्या आत त्याचं उद्घाटन करायचं ठरलं होतं. त्या दिवशी स्मरणिका काढायची, तिच्यात वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी घालायच्या, हे विहार समितीच्या सेक्रेटरीने, रूपेशने, ठरवलं होतं. रूपेश शाळामास्तर. त्याने घरोघर जाऊन आठवणी टेपवर घेतल्या आणि मग मनालीसमोर बसून एकेक ऐकत, शुद्ध भाषेत मजकूर सांगितला. मनालीने तो क्लासच्या मशीनवर, क्लास सुटल्यावर, टाइप केला. क्लासच्या मशीनमध्ये स्वतःचं काही ठेवायला मालकाची बंदी होती. म्हणून सगळं एका फ्लॉपीवर.

आता मजकूर विंडोजमध्ये, छापणारं मशीन विंडोजचं, आणि पानं मांडणारा इंद्रजीत तेवढा मधे मॅकिंटॉश घेऊन उभा. गावाचं काम होतं. नाही कसं म्हणणार? त्याने मनालीला सांगितलं, शिकव मला.

घरी विंडोजचं मशीन नसल्यामुळे त्याला क्लासातच यावं लागलं. दुपारच्या बॅचला बारावी झालेल्या मुलींच्या मधे तो बसायचा. त्यांना वाटलं, कुणी नवीन सर आले. नंतर कळलं की हे आपल्यापेक्षा कच्चे आहेत, आणि मॅडमचे मिस्टर आहेत. मग त्या फार मनापासून त्याला मदत करू लागल्या. दोन बटणांपैकी कुठलं दाबायचं ते शेजारची मुलगी त्याला दर वेळी हळूच सांगायची.

डोक्याला सगळं समजत होतं, पण हाताला समजत नव्हतं. मॅकिंटॉशवर काम जपून ठेवायचं तर अंगठा स्पेसबारच्या लांब पट्टीशेजारच्या बटणावर ठेवून 'एस' दाबायचा. विंडोजवर त्याच जागी दुसरंच बटण होतं आणि खरं बटण खाली कोपऱ्यात, करंगळीच्या वाट्याला. इंद्रजीतचा अंगठा दहा वर्षांच्या सवयीने आपल्या जागी जायचा, बटण दाबायचा आणि काहीच व्हायचं नाही. आपण काम जपून ठेवलं असं समजून तो पुढे जायचा. एका दुपारी त्याने पूर्ण पान मांडलं, अंगठ्याने चार-पाच वेळा जपून ठेवलं, आणि लाइट गेली. लाइट आली तेव्हा पान नव्हतं. मनालीने येऊन त्याची करंगळी धरली आणि कोपऱ्यातल्या बटणावर ठेवली. "ही. अंगठा नाय, ही," ती म्हणाली. त्या दिवशी त्याने करंगळीला धागा बांधला.

हळूहळू जमलं. महिनाभरात तो हरेशच्या प्रेसमध्ये बसून विंडोजवर पानं मांडू लागला. मुखपृष्ठ झालं, समितीची नावं झाली, देणगीदारांची पानं झाली. ही पानं हरेशच्या मशीनमध्ये सुखरूप होती. शेवटी राहिल्या आठवणी. उद्घाटनाला आठवडा उरला असताना मनालीने ती फ्लॉपी त्याच्याकडे दिली.

त्या दिवशी प्रेसमध्ये लग्नपत्रिकांची झुंबड होती. इंद्रजीतने फ्लॉपी घातली, आतलं फोल्डर बघितलं. मनालीने त्याला 'विहार' असं नाव दिलं होतं. एवढ्यात हरेशने हाक मारली, की आधी एक तातडीची पत्रिका करून दे, माणूस दारात उभा आहे. बरं म्हणून इंद्रजीतने फ्लॉपी बाहेर काढायची ठरवली, आणि पत्रिकेवाल्याशी बोलता बोलता त्याच्या हाताने पडद्यावरचं 'विहार' उचललं आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यावर नेऊन सोडलं.

मशीनने विचारलं, नक्की का? त्याने 'हो' दाबलं. नवऱ्यामुलाच्या नावात 'श' शहामृगाचा की षटकोनाचा, हे त्याच वेळी विचारत होता तो.

फ्लॉपी बाहेर येईना. तो वाट बघत राहिला. मशीन कुरकुरत होतं. मग थांबलं. आणि मग त्याच्या ध्यानात आलं.

पत्रिकेवाल्याला थांबायला सांगून तो उठला आणि समोरच्या एसटीडी बूथवर गेला. क्लासमध्ये फोन लावून मनालीला फोनवर बोलावून घेतलं. जे झालं ते सांगितलं. तिने विचारलं, कचऱ्याच्या डब्यात जाऊन बघितलंत का, पुष्कळदा तिथून परत काढता येतं. त्याने बघितलं होतं. फ्लॉपीवरचं पुसलं की ते डब्यात जात नाही, थेट जातं, हे तिलाही माहीत होतं. तरी विचारलं. बूथवाला मीटरकडे बघत होता.

"तुम्ही तिथंच थांबा," मनाली म्हणाली. "मी रूपेशभाऊला फोन करते. टेप असेल त्याच्याकडं."

टेप होती. रूपेशने ती जपूनही ठेवली होती. पण मधल्या काळात त्याच्या मेहुण्याचं लग्न झालं होतं आणि घरातल्यांना कोरी कॅसेट सापडली नव्हती. रूपेशने मनालीला फोनवरच लावून दाखवली. तिच्यावर आता हळदीची गाणी होती, दोन्ही बाजूंनी.

संध्याकाळी घरी आल्यावर इंद्रजीत जेवला नाही. मॅकिंटॉशवर चादर टाकून बसून राहिला. मनालीला राग आला नव्हता असं नाही. एवढ्या संध्याकाळी घातल्या होत्या तिने त्यात. पण दुसरी प्रत ठेवायला हवी होती, हे रोज मुलींना शिकवणारी तीच होती, आणि तिनेच ठेवली नव्हती. तिने ताट वाढून त्याच्या पुढे आणून ठेवलं.

"माणसं हायेत ना अजून," ती म्हणाली. "परत विचारू."

"आणि टाइप कशावर करणार? क्लासचं मशीन उचलून नेणार?"

मनालीने टेबलाकडे बघितलं. त्यानेही बघितलं. वैशाखऱ्यापर्यंत मांडीवर घेऊन जाता येईल असं यंत्र आख्ख्या तालुक्यात एकच होतं.

रविवारी पहाटेच निघून मुरबाडला गाडी बदलून दोघं वैशाखऱ्याला पोचले. या वेळी प्रिंटर मनालीच्या मांडीवर होता. रूपेश स्टँडवर न्यायला आला होता. त्याला इतकं ओशाळल्यासारखं झालं होतं, की त्याने मॅकिंटॉश डोक्यावर घ्यायची तयारी दाखवली. इंद्रजीतने तो कुणाच्या हातात दिला नाही. विहाराच्या ओट्यावर टेबल मांडलं, शेजारच्या घरातून वायर ओढली, आणि आता टाइप करायला मनाली बसली, कारण इंद्रजीत मांडणीत तरबेज असला तरी टाइप दोन बोटांनी करायचा.

आणि आता मनालीचे हाल सुरू झाले. तिची करंगळी कोपऱ्यात जायची आणि तिथे काहीच व्हायचं नाही. मराठी अक्षरं दुसऱ्याच बटणांवर बसली होती. 'भ' मागितला की 'ज्ञ' यायचा. माउसचं उजवं बटण दाबायला बोट जायचं, तर तिथे नुसतं प्लास्टिक. तिने एकदा दात आवळून विचारलं, की इतकी वर्षं तुम्ही यावर काम कसं केलंत. इंद्रजीत शेजारी बसला होता. त्याला हसू येत होतं, पण त्याने ते बाहेर पडू दिलं नाही. तिचा अंगठा धरला आणि लांब पट्टीशेजारच्या बटणावर ठेवला. "हा. करंगळी नाय, हा." मग मात्र तीच हसली, आणि दोघंही पुष्कळ वेळ हसत राहिले. जमलेल्या म्हाताऱ्यांना वाटलं, काम सुरू झालं.

सगळ्यात आधी येसूबाईला बसवलं. ती इंद्रजीतची आत्या, नवरा वारल्यावर माहेरीच राहिलेली, वाडीतली सगळ्यात म्हातारी. रूपेशने मागच्या वेळी तिच्या नावाने लिहून घेतलं होतं, की 'समाजाने धम्माचा स्वीकार करून जुन्या रूढींचा त्याग केला.' या वेळी रूपेशने शुद्ध भाषा करायला तोंड उघडलं, तर मनाली म्हणाली, भाऊ, एवढा वेळ नाही. आत्या बोलते तसंच घेते मी. खरं तर नव्या बटणांवर तिला शब्द शोधून लिहायला सुचतच नव्हतं. कानावर येईल ते बोटांनी उतरवणं एवढंच जमत होतं.

"सगल्यांनी देव नदीत सोडले," येसूबाई म्हणाली. "आमच्या बापानं पण सोडले. मी तवा माहेरी आले होते. देवाखालचं तांब्याचं ताट पन सोडाचं म्हनाला. मी बोलले, देव सोड, ताट कशाला? भात चांगला निवतो त्याच्यात. मग ताट आनलं परत. अजून हाय घरात. आज पन त्याच्यात जेवले."

सगळे हसले. रूपेश जरा कावराबावरा झाला. पण काळूतात्या म्हणाला, लिव, लिव, खरं हाय, मी बघितलंय ते ताट. काळूतात्या समितीचा अध्यक्ष, आणि मागच्या वेळी त्याने भाषणच केलं होतं. आता येसूबाईचं ऐकल्यावर त्याला भाषण सुचेना. त्याने पहिल्या विहाराची गोष्ट सांगितली. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, आणि छपराला लागणारी लाकडं आणायला बैल नव्हते कुणाकडे. शेवटी पलीकडच्या पाड्यावरच्या जैतू नावाच्या शेतकऱ्याने आपली गाडी दिली. त्याच्या भावकीने त्याला विचारलं, त्यांच्या कामाला गाडी का दिलीस? तर म्हणाला, गाडी रिकामी उभी होती, बैल पन खाऊन बसले होते. एवढंच म्हणाला. पुढे कितीतरी वर्षं काळूतात्या त्याच्या भातलावणीला बिनबोलावता जायचा.

मागच्या वेळच्या मजकुरात जैतू नव्हता. 'ग्रामस्थांचे सहकार्य लाभले' एवढंच होतं.

दुपारपर्यंत ओट्यावर जागा उरली नाही. जे मागच्या वेळी टेपसमोर लाजले होते तेही आले, कारण या डब्यात आपलं बोलणं अक्षरं होऊन लगेच उमटताना दिसत होतं. ज्यांना वाचता येत होतं ते इतरांना वाचून दाखवायचे, आणि मग भांडण व्हायचं. ती विहीर आधी का ती शाळा आधी? चिंच पडली ती कुठल्या पावसात? बाईजा नावाची एक म्हातारी तर दोनदा घरी जाऊन दोनदा परत आली, कारण वाटेत तिला आणखी आठवलं. मधेच व्होल्टेज कमी व्हायचं आणि पडदा बटव्यासारखा आक्रसायचा. मनाली अंगठ्याने भराभर जपून ठेवायची. या वेळी तिने तीन फ्लॉप्यांवर तीन प्रती केल्या. एक स्वतःच्या पर्समध्ये, एक इंद्रजीतच्या खिशात, आणि एक येसूबाईच्या फडताळात.

सोमवारी प्रेसमध्ये नवा घोटाळा निघाला. मॅकिंटॉशवर हरेशच्या मशीनला कळेल अशा रीतीने फ्लॉपी करून देता येते, हे इंद्रजीतने जुन्या सहकाऱ्याला फोन करून विचारून घेतलं होतं. फ्लॉपी उघडलीही. पण येसूबाईचं ताट, जैतूची गाडी, चिंच, विहीर, सगळ्याच्या जागी नुसती चिन्हं, टिंबं आणि परकी अक्षरं. दोन्ही यंत्रांची मराठी एकमेकांना कळत नव्हती. हरेशने डोक्याला हात लावला. परत टाइप करायला दिवस नव्हते.

इंद्रजीतने मग जास्त विचार केला नाही. आठवणींची पानं मॅकिंटॉशवरच मांडली आणि आपल्या लहान प्रिंटरवर ट्रेसिंग काढलं, जसं पहिल्या वर्षी काढायचा. पुढची-मागची पानं हरेशच्या मशीनची, ठसठशीत, मधली पानं बारीक, जरा कोवळ्या अक्षरांची. हरेशला आधी ते खटकलं. दोन अक्षरवळणं एका पुस्तकात बरी नाही दिसत, म्हणाला. मग प्लेट करायला घेण्याआधी तो मधली पानं तपासायला बसला आणि तपासता तपासता वाचतच राहिला. मशीनवरचा माणूस दोनदा येऊन विचारून गेला, घेऊ का? हरेश म्हणाला, थांब जरा. जैतूची गाडी वाचल्यावर त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, हा आमच्याच भावकीतला असणार. मग कागद चांगला घ्यायला लावला.

उद्घाटनाच्या दिवशी स्मरणिका वेळेवर पोचली. पाहुणे आले, वंदना झाली, भाषणं झाली. जेवणाच्या आधी येसूबाईने मनालीला मांडवामागे, बायका भात काढत होत्या तिथे बोलावून घेतलं आणि आपलं पान वाचायला सांगितलं. मनालीने वाचलं. भात काढणाऱ्या बायका हात थांबवून ऐकत होत्या. ताट आलं तेव्हा हशा झाला. येसूबाई खाली बघून हसत होती. वाचून झाल्यावर तिने स्मरणिका हातात घेतली, पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, एवढंच? मी तर लय बोलले होते. मनालीने सांगितलं, आत्या, तुझं सगळ्यात मोठं आहे. हे काळूतात्याच्या कानावर गेलं आणि तो आपलं किती आहे ते मोजायला बसला.

पाहुण्यांत किन्हवलीच्या शाळेतले एक मास्तर होते. शाळेचा सुवर्णमहोत्सव जवळ आला होता. त्यांनी इंद्रजीतला गाठून विचारलं, असंच आमच्या जुन्या विद्यार्थ्यांचं करून द्याल का? आणि ते लिहिलंय कुणी? फार सहज लिहिलंय. इंद्रजीतने मनालीकडे बोट दाखवलं. मास्तरांनी तिला नमस्कार करून विचारलं, तुम्ही लेखिका आहात का. मनाली म्हणाली, नाही, मला बटणं सापडत नव्हती.

परतीच्या गाडीत दोघांना शेजारी जागा मिळाली. मॅकिंटॉश इंद्रजीतच्या मांडीवर, प्रिंटर तिच्या. वाटेतल्या टोकावड्याच्या पुढे ऊन कलायला लागलं होतं. इंद्रजीत म्हणाला, हरेशकडे रोज जाऊन बसेन म्हणतो, विंडोज आता जमतं मला. मनालीने सांगितलं, की ती क्लास सोडायचा विचार करतेय. शहापुरात पंचायत समितीच्या रस्त्याला एक गाळा रिकामा आहे, तिने परवाच बघून ठेवलाय. किन्हवलीचं काम तिथूनच करू. हरेशकडे जायचं ते आठवड्यातून दोनदा जा.

इंद्रजीतला हे सगळं नवीनच होतं. त्याने मांडीवरचा डबा सरळ केला. मग त्याने विचारलं, गाळ्यात मशीन कुठलं ठेवणार.

"दोन्ही," मनाली म्हणाली. "माझं पुढं दाराशी. तुमचं आत."

इंद्रजीतला ते पटलं. पंखा कुणाच्या बाजूला असेल, एवढं मात्र त्याने तिथेच विचारून घेतलं.